कसांड्राचं कुणी ऐकलं नाही

(दृश्य: अंधारी खोली, फिरणारे दंडगोल)

छतापासून लोंबणारे पाच पारदर्शक दंडगोल. आतून रंगवलेले, संथ फिरणारे. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्यातून आरपार जातो आणि चित्रांच्या सावल्या भिंतभर सरकतात. बघणाऱ्याची सावलीही त्यातच मिसळते. कडेला उभं राहून नुसतं बघायची सोय नाही.

२०१२. जर्मनीतलं कासेल, 'डॉक्युमेंटा' प्रदर्शन. कलाकृतीचं नाव 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड', कवी फैज अहमद फैज यांच्या उर्दू कवितेवरून घेतलेलं. चित्रकार नलिनी मालानी. जन्म १९४६, कराची. शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये.

या कलाकृतीच्या मुळाशी आहे कसांड्रा. ग्रीक पुराणकथेतल्या ट्रॉय नगरीच्या राजाची लेक. अपोलो देवानं तिला भविष्य दिसण्याचा वर दिला, पण त्याला ती नाही म्हणाली. मग शाप मिळाला: बोलशील ते खरंच होईल, पण कुणाला पटणार नाही. शत्रूनं सैनिक लपवून वेशीबाहेर ठेवलेला लाकडी घोडा आत घेऊ नका, म्हणून ती जिवाच्या आकांतानं सांगत राहिली. घोडा आत आला. ट्रॉय जळालं.

स्त्रीवादी चित्र म्हटलं की आपल्याला त्रिशूळ उगारलेली दुर्गा आठवते. मालानींनी निवडली हरलेली बाई, आणि मला ती निवड जास्त धारदार वाटते. महिषासुर मेला की दुर्गेची कथा संपते. कसांड्राची आजही एखाद्या पोलीस चौकीत चालू असते: "नक्की काय झालं? पुन्हा सांगा."

याच कलाकृतीत बंगाली लेखिका महाश्वेतादेवींच्या 'द्रौपदी' कथेतले शब्द ऐकू येतात. कथेतली दोपदी संथाळ आहे. कैदेत बलात्कार झाल्यावर ती कपडे घालायला नकार देते आणि तशीच सेनानायकासमोर जाऊन उभी राहते. इथे वस्त्र पुरवणारा कृष्ण नाही, आणि तिला तो नकोही आहे.

(दृश्य: चित्राचा जवळून भाग)

रंगवायची पद्धतही उलटी. पारदर्शक प्लास्टिकच्या मागच्या बाजूनं काम चालतं. डोळ्यातली बाहुली आधी, चेहऱ्याचा रंग नंतर, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. बाहुली चुकली, तर वरून रंग चढवून ती झाकता येत नाही.

मालानींच्या चित्रांत सीता आणि ग्रीक पुराणकथेतली मेडिया शेजारी येतात. दोघी नवऱ्यामागे माहेर सोडून गेलेल्या, दोघींना नवऱ्यानं टाकलेलं. एकीला आपण देव्हाऱ्यात बसवलं. दुसरी पोटची पोरं मारणारी म्हणून बदनाम. १९९३ मध्ये, दंगलींनी होरपळलेल्या मुंबईत, मॅक्समुल्लर भवनात अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांनी ही मेडिया रंगमंचावर उभी केली. भोवतीची चित्रं आणि मांडणी मालानींची होती.