पडद्यामागचा उजेड आणि आपली बैठकीची खोली

सभ्य श्रोतेहो, मागच्या पंधरवड्यात माझ्या धुळ्याच्या मावसभावाने ५५ इंची टीव्ही घेतला आणि तिसऱ्याच दिवशी फोनवर गाऱ्हाणे मांडले, "भाऊ, दुकानमा तं चांगला दिखे!" त्याच्या डोळ्यांची चूक नव्हती. दुकानात पडदा सर्वांत भडक मोडवर लावलेला असतो, त्यावर फुले आणि रंगीत मासे फिरत असतात, आणि अंधाराचा प्रसंग सहसा कोणी दाखवत नाही. घरी मात्र मालिकेतली अमावास्येची रात्र राखाडी दिसू लागली. ती तशी का दिसते, हे कळले की निवडीचे निम्मे काम होते.

आपण ज्याला 'एलईडी टीव्ही' म्हणतो तो मुळात एलसीडीच आहे. त्याचा पडदा स्वतः उजळत नाही. मागे दिवे सतत जळत असतात आणि पुढे द्रवस्फटिकांचा थर प्रत्येक बिंदूपाशी झडपेसारखा उघडतो किंवा मिटतो. पूर्वी मागे बारीक नळ्या असत, आता त्यांच्या जागी एलईडी आले, एवढाच त्या नावाचा अर्थ. ही झडप कितीही मिटली तरी थोडा उजेड पाझरतोच, आणि काळ्याचा राखाडी होतो तो तेथे.

झडपांतही दोन जाती आहेत. आयपीएस जातीच्या पडद्यात पांढऱ्या-काळ्यातील अंतर साधारण १०००:१ असते, पण तो बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो. व्हीए जातीत हे प्रमाण ३०००:१ किंवा त्याहून अधिक असते, मात्र कोपऱ्यात बसलेल्याला रंग विटलेले दिसतात. ही बाब आपल्याकडे किरकोळ नाही. श्रावणात कानबाईच्या रोटांना सारी भाऊबंदकी एका घरी जमते, तेव्हा टीव्हीच्या बरोबर समोर बसण्याचा मान दोघा-तिघांनाच मिळतो आणि बाकीचे भिंतीलगत तिरके बसतात. अशा घरात मी आयपीएस सुचवीन. एकट्या-दुकट्याने रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याला व्हीए.

ओएलईडीचे तत्त्वच निराळे. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून कमी विद्युत्दाबावर प्रकाश मिळवून दाखवला, आणि आजचे पडदे त्याच वाटेने पुढे आले. येथे मागे दिवा नसतो. दिवाळीच्या पणत्यांसारखा प्रत्येक बिंदू आपापला जळतो, आणि काळे हवे तेथे तो चक्क विझतो. अंधाऱ्या खोलीत याला तोड नाही, आणि बाजूनेही चित्र उत्तम दिसते. परंतु ज्या घरी सकाळपासून एकच वृत्तवाहिनी लागलेली असते, तेथे तिचे बोधचिन्ह आणि तळाची पट्टी जेथे स्थिर राहते तेथील बिंदू बाकीच्यांपेक्षा वेगळ्या गतीने झिजतात, आणि काही वर्षांनी त्यांचा पुसट ठसा पडद्यावर उमटू शकतो. माझ्या वडिलांच्या पाहण्याच्या सवयी लक्षात घेता, त्यांच्या खोलीत मी ओएलईडी कधीच लावणार नाही.

क्यूएलईडी हे नाव ऐकून पुष्कळ जण फसतात, कारण इंग्रजी लिपीत ओ आणि क्यू यांत एका शेपटीचाच फरक आहे. क्यूएलईडी हा एलसीडीच आहे. मागच्या निळ्या उजेडाचे शुद्ध लाल आणि हिरव्यात रूपांतर करणारे क्वांटम डॉट्स त्यात घातलेले असतात. या अतिसूक्ष्म कणांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले, तेव्हा विज्ञान खरे आहे. पण त्याने रंग सुधारतात, काळे सुधारत नाही. काळे सुधारायचे तर मागचे दिवे लहान करून शेकडो गटांत विभागावे लागतात, म्हणजे अंधाराच्या भागापुरता गट मंद करता येतो. हा मिनी एलईडी. उजेडाने भरलेल्या बैठकीत तो ओएलईडीपेक्षा सहसा अधिक तेजस्वी दिसतो, मात्र काळ्या आकाशातील चंद्राभोवती कधी कधी धुरकट कडे दिसते.

फोर-केबद्दल, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बिंदू असलेल्या पडद्याबद्दल, थोडक्यात सांगतो. निरोगी डोळा एका अंशाचा साठावा भाग ओळखतो. या हिशेबाने ५५ इंची पडद्यावर साध्या फुल एचडीचे बिंदूसुद्धा सुमारे सात फुटांपलीकडून सुटे दिसत नाहीत. बाज दहा फुटांवर टाकणाऱ्याने फोर-केसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी खोली टेपने मोजावी.

शेवटी आपल्या हवेविषयी. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तिकेत वापराच्या तापमानाची मर्यादा ४० अंश दिलेली असते, आणि जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ च्याही पुढे जातो. म्हणून तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर पडदा लावू नये, फडताळात कोंबू नये, मागे चार बोटे हवा खेळू द्यावी. पडद्यासमोर खिडकी येणार नाही हेही पाहावे, कारण दुपारच्या उन्हाचे प्रतिबिंब पडले की आतापर्यंत सांगितलेला कोणताच फरक दिसत नाही. आणि दुकानात गेल्यावर विक्रेत्याला भडक मोड काढून एखादा रात्रीचा प्रसंग लावायला सांगावा, तो आधी समोरून पाहावा, मग चार पावले बाजूला सरकून पाहावा.