नॉबला हात लावायच्या आधी

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय .२२ रायफलबद्दल, म्हणजे सुमारे ०.२२ इंच जाडीची छोटी गोळी मारणाऱ्या रायफलबद्दल, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल, की काल-परवापर्यंत व्यवस्थित लागणारी रायफल अचानक चुकायला लागते, कारण काही केल्या कळत नाही, तेव्हा काय करायचं. रेंजवर हे नेहमी कोणा ना कोणाचं होत असतं आणि माणूस पहिली गोष्ट काय करतो, तर स्कोपचा, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीचा, नॉब फिरवतो. दोन गोळ्या डावीकडे गेल्या, चार क्लिक उजवीकडे. मग एक वर गेली, चार क्लिक खाली. असं करत करत डबा रिकामा होतो आणि रायफल मुळात कुठे मारत होती हेच कोणाला सांगता येत नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की कारण सापडेपर्यंत नॉबला हात लावायचा नाही. कागदावरची भोकं हा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा आहे आणि नॉब फिरवला की तो पुरावा गेला.

शिकारीचं आधीच सांगून टाकतो. आपल्या इंदूरच्या आसपास शिकारीचा इतिहास मोठा आहे, रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचं शिकारगाह अजून उभं आहे, पण आज ते अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे शौकाची शिकार हा विषयच संपला, आणि संपला ते योग्यच झालं. पण त्या काळातल्या .२२ रायफली घराघरात राहिल्या, कुठे ब्रनो कंपनीच्या, कुठे बीएसएच्या, आजोबांकडून बाबांकडे आणि मग रीतसर लायसन्सवर तुमच्याकडे आलेल्या, आणि त्या आज आपण कागदावर चालवतो. ह्याच .२२ नं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं, आणि आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमरही हाच इव्हेंट खेळतो. तिथे दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, ५० मीटरवर. म्हणजे कॅलिबर लहान आहे म्हणून तिच्याकडून थोडं इकडे-तिकडे चालायचंच, असं कोणी म्हणू नका.

आता एक खरं प्रकरण सांगतो कारण त्यात जवळजवळ सगळंच येतं. माझा भाचा न्यूझीलंडला असतो. तिथे ससे हे बाहेरून आणलेलं जनावर आहे, मेंढ्यांची कुरणं खाऊन टाकतात, त्यामुळे लायसन्स असलेल्या माणसानं .२२ नं ससे मारणं तिथे कायदेशीर आहे आणि शेतकरी स्वतःहून बोलावतात. त्याचा फोन आला, "मामा, कागदावर लागते, सशावर लागत नाही. समोर उभा असतो, चाळीस-पन्नास मीटरवर, वारा नाही, काही नाही, आणि गोळी जाते कुठे तेच कळत नाही." मी म्हटलं, पहिलं म्हणजे कारण सापडेपर्यंत सशावर गोळी झाडू नकोस. पूर्ण चुकली तर ठीक आहे, पण सशाच्या डोक्याची जागा असते जेमतेम चार-पाच सेंटीमीटर, आणि गोळी पोटात किंवा मागच्या पायात बसली तर तो बिळात जाऊन तासन्‌तास मरत पडतो. ह्या बाबतीत मी कोणाचंच ऐकून घेत नाही. ज्या रायफलवर भरवसा नाही ती जिवंत जनावरावर रोखायची नाही, देश कुठलाही असो.

मग विचारलं, कागदावर मारतोस तेव्हा रायफल जशी असते तशीच्या तशी कुरणात नेतोस का? तर म्हणाला हो. जरा खोदून विचारल्यावर कळलं की रेंजवर गोळ्या हाय व्हेलॉसिटीच्या, म्हणजे जास्त वेगाच्या, कारण त्या स्वस्त मिळाल्या, आणि कुरणात सबसॉनिक, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणाऱ्या, कारण आवाज कमी. शिवाय कुरणात नळीच्या तोंडावर सायलेन्सर. तिथे तो सर्रास वापरतात, आपल्याकडे तो प्रश्न येत नाही. म्हटलं, पन्नास मीटरवर कागद लाव, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकव, प्रत्येक फरकाला वेगळा कागद, एका कागदावर पाच गोळ्या, आणि नॉबला हात लावलास तर मला फोन करू नकोस.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आले. पहिला कागद, हाय व्हेलॉसिटी, सायलेन्सर काढलेला, मस्त घट्ट ग्रुप, म्हणजे पाचही भोकं जवळजवळ, मधोमध. दुसरा, सबसॉनिक, ग्रुप तितकाच घट्ट पण तीनेक सेंटीमीटर खाली. हे साहजिक आहे, हळू जाणारी गोळी त्या अंतरात जास्त पडते, आणि नळीतून निघताना नळीचं थरथरणंही वेगळं असतं. तिसरा कागद बघण्यासारखा होता. सबसॉनिक आणि सायलेन्सर. पहिल्या दोन गोळ्या जवळजवळ, तिसरी जरा बाजूला, चौथी आणखी, पाचवी आणखी, एका बाजूला सरकत चाललेल्या. म्हटलं सायलेन्सर हातानं फिरवून बघ. ढिला निघाला. तो आट्यांवर बसवलेला असतो आणि गोळीगणिक केसभर उलगडत होता. म्हणजे दोन कारणं एकात एक अडकली होती, आणि त्यानं जर मधेच क्लिक फिरवले असते तर वर्षभर शोधत बसला असता.

तर ग्रुप वाचायला शिका. घट्ट ग्रुप पण भलत्याच जागी, म्हणजे रायफल आणि माणूस दोघंही बहुतेक ठीक आहेत, एखादी गोष्ट बदललीय किंवा एकदाच सरकलीय. एकाच कागदावर दोन वेगळे झुपके, तर काहीतरी दोन जागी बसतंय, कुंद्याचा स्क्रू नाहीतर स्कोपच्या आतली क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली. उभी रेघ असेल तर गोळ्यांच्या वेगातला फरक, किंवा श्वास, किंवा टेका. आडवी रेघ असेल तर वारा आणि ट्रिगरवरचं बोट. आणि सगळीकडे विस्कटलेलं असेल तर स्क्रूपासून सुरुवात करा. हे काही पक्कं गणित नाही, पण कुठून शोधायला लागायचं ते कळतं.

स्क्रू म्हटल्यावर लोक तोंड वाकडं करतात. ".२२ ला धक्का असतो कुठे, तिचे स्क्रू कशाला ढिले होतील?" होतात. आधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यानं बघा आणि बोटानंही चाचपा, मग पुढचं. कुंद्याला नळी धरून ठेवणारे खालचे स्क्रू बघा. आपल्या इंदूरला मे महिन्यात बेचाळीस डिग्री असते आणि जुलैत हवा ओली, जुना लाकडी कुंदा ह्या दोन महिन्यांत सुकतो आणि फुगतो, त्यामुळे उन्हाळ्यात घट्ट केलेला स्क्रू पावसाळ्यात वेगळाच ताण देतो. ज्या रायफलची नळी कुंद्यापासून मोकळी ठेवलेली असते तिच्यासाठी दहा रुपयांची नोट घ्या, नळी आणि कुंद्याच्या मधून सरकवा, तोंडाकडून चेंबरकडे. जिथे नोट अडकते तिथे लाकूड नळीला टेकलंय. पावसाळ्यात चुकणाऱ्या कितीतरी रायफलींचं कारण तेवढंच असतं.

मग स्कोपचा माउंट, म्हणजे त्याला रायफलवर धरणारी पकड. .२२ वर बहुतेक वेळा ११ मिलिमीटरचा डोव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांची खाच, असतो, माउंट त्याला फक्त दाबून धरतो, आणि खाचेत तेल राहिलं असेल तर स्क्रू घट्ट असूनही तो पुढे-मागे सरकतो. खाच कोरडी पुसा, बसवा, आणि माउंट आणि रायफलच्या सांध्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. ठिपका तुटला की हललं. घरच्यांची बाटली न विचारता घेऊ नका, एवढंच. स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर आधी वापरलेला स्कोप .२२ वर लावला असेल तर त्याच्यावर जास्त संशय घ्या, त्या रायफलीचा झटका पुढे आणि मागे दोन्ही बाजूंनी असतो, त्यात साधा स्कोप आतून सैल होतो. अशा वेळी मित्राचा चांगला स्कोप उसना घेऊन लावून बघणं हा सगळ्यात लवकर उत्तर देणारा उपाय. पण मग फक्त स्कोपच बदला, त्याच दिवशी गोळ्याही बदलल्या तर काय कळणार?

पॅरलॅक्सचं, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकल्यासारखी दिसते त्याचं, लोक विसरतात. मोठ्या रायफलसाठी बनवलेला स्कोप साधारण शंभर यार्डावर सेट केलेला असतो, आपण मारतो पन्नास मीटरवर नाहीतर त्याहून जवळ. रायफल पिशवीवर स्थिर ठेवा, हात काढा, आणि फक्त डोकं थोडं वर-खाली, डावी-उजवीकडे करा. क्रॉसहेअर टार्गेटवरून फिरताना दिसली तर गाल दर वेळी एकाच जागी ठेवल्याशिवाय ग्रुप येणार नाही.

नळीचं तोंड हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. गोळी नळीला शेवटचा स्पर्श तिथे करते. जुन्या रायफली तोंडाकडूनच सळई घालून साफ केलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं ती लोखंडी सळई त्या कडेला घासलेली असते. कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि तोंडाच्या आतल्या कडेवरून बाहेरच्या बाजूला हळू फिरवा. कापसाचा धागा एखाद्या ठिकाणी अडकला तर तिथे ओरखडा आहे. हे घरी कानस घेऊन दुरुस्त करायचं काम नाही, लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच द्या.

आता गोळ्या. .२२ ची शिशाची गोळी मेणासारख्या लेपाची असते आणि नळीत त्या लेपाचा थर बसतो. ब्रँड बदलला की जुना थर जाऊन नवा बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या भटकतात, नळी चकचकीत साफ केल्यावरही तेच. त्या गोळ्या मोजू नका. शिवाय ह्या काडतुसात बारूद पेटवणारा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो, तो सगळ्या काडतुसांत अगदी सारखा पसरत नाही, त्यामुळे एकाच डब्यातही वेग थोडा बदलतो. मोठे नेमबाज आपली नळी घेऊन कंपनीच्या टेस्ट रेंजवर जातात आणि वेगवेगळे लॉट, म्हणजे एकेका वेळी बनलेल्या गोळ्यांचे गट, मारून त्यांतला एक निवडतात. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहायला काय लागतं?

आणि अंतर. साध्या वेगाच्या म्हणजे सेकंदाला ३३० मीटरच्या आसपासच्या गोळीनं पन्नास मीटरवर झिरो केलं, म्हणजे क्रॉसहेअर आणि भोक एका जागी आणलं, तर पंचाहत्तरवर ती सात-आठ सेंटीमीटर खाली असते आणि शंभरवर जवळजवळ एक वीत. उलट अगदी जवळ, पाच-दहा मीटरवरही ती थोडी खालीच लागते, कारण स्कोप नळीच्या वर चार सेंटीमीटर बसलाय आणि गोळी अजून नजरेच्या रेषेपर्यंत चढलेलीच नसते. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे आपल्याला गालावर जेमतेम जाणवतो तेवढा, पन्नासवर दीडेक सेंटीमीटर सरकवतो आणि शंभरवर पाचेक. दुपटीनं नाही, तिपटीहून जास्त. भाच्याचे "चाळीस-पन्नास मीटर" नंतर त्यानं पावलांनी मोजले तर त्यातले काही सत्तरच्या पुढे निघाले, उघड्या कुरणात नजर फसतेच.

हे सगळं झाल्यावर मग माणूस. आधी माणसाला दोष देऊ नका, आणि शेवटी त्याला सोडूही नका. मित्राला सांगा मॅगझिन भरून दे, आणि मधे एखादं डमी काडतूस घाल, कुठे ते सांगू नकोस. डमीवर ट्रिगर दाबल्यावर नळीचं तोंड खाली बुचकळलं किंवा बाजूला ओढलं गेलं तर ते तुमच्या बोटाचं काम. पण हा सराव डमीवरच करा, रिकाम्या चेंबरवर नको, कारण जुन्या .२२ मध्ये फायरिंग पिन सरळ चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खड्डा पडतो, मग काडतूस नीट बसत नाही आणि मिसफायर सुरू होतात.

एक प्रश्न आलाय, मागच्या ताईंचा, की वडिलांच्या कपाटात बऱ्याच वर्षांपूर्वीच्या गोळ्या आहेत, त्यांनी झिरो करू का. ताई, करू नका. आधी त्या लायसन्सवर नोंदलेल्या आहेत का ते बघा, नसतील तर तो प्रश्न वेगळ्या टेबलावर सोडवायचा. असतील तर रेंजवरच मारा, आणि प्रत्येक गोळीनंतर कागदावर भोक पडलंय का ते बघा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला आणि भोक दिसलं नाही तर तिथेच थांबा, नळी सुरक्षित दिशेलाच धरून अर्धा मिनिट जाऊ द्या, मग बोल्ट उघडून मागून नळीत बघा. गोळी आत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते. झिरोसाठी नवा डबा घ्या, एकाच लॉटचा, आणि पहिल्या पाच गोळ्यांचा कागद जपून ठेवा. तारीख, लॉट आणि त्या दिवसाची हवा त्याच्यावरच लिहा.