‘इको-फ्रेंडली’ डायपर घ्यायचाय? आधी तो कापून बघू या

नमस्कार! हा माझ्या हातात कोरा डायपर आहे आणि आज मी तो तुमच्यासमोर कात्रीने कापणार आहे. पाकिटावर बांबूची पानं, हिरवी अक्षरं, आणि किंमत साध्या डायपरच्या जवळजवळ दुप्पट. माझी लेक आता चौदा महिन्यांची आहे. ती तान्ही असताना मी हीच पाकिटं आणत होते, आणि आपण काहीतरी चांगलं करतोय असं मनापासून वाटायचं. मग एका सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, बाळाचं वेगळं बांधून देत जा ना. वेचताना हातात येतं.”

त्या दिवसापासून मी पाकिटाची पुढची बाजू सोडून मागची बाजू वाचायला लागले.

(डायपर कापून ताटात पसरते.)

हा वरचा मऊ थर, बाळाच्या अंगाला लागतो तो. पाकिटावर जो बांबू लिहिलाय, तो बहुतेक डायपरमध्ये एवढ्या थरापुरताच असतो. तोसुद्धा बांबूचा धागा नव्हे. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड वापरून विरघळवतात आणि त्यातून व्हिस्कोस, म्हणजे एक प्रकारचं रेयॉन, काढतात. अमेरिकेत तर अशा कापडाला नुसतं ‘बांबू’ म्हणू नका, ‘रेयॉन’ लिहा, असं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, विक्रेत्यांना बजावलं होतं. कापड मऊ असतं, बाळाला बरं वाटतं, ते खरंच आहे. पण म्हणून अख्खा डायपर बांबूचा होत नाही.

आता खालचा थर बघा. ओल बाहेर येऊ देत नाही तो. हे साधं पॉलिथिन. मांडीपाशी इलॅस्टिक, बाजूला चिकटपट्ट्या, सगळं प्लॅस्टिकच. आणि मधला हा कापसासारखा दिसणारा भाग म्हणजे लाकडाचा लगदा. त्यात हे साखरेसारखे दाणे दिसतायत? जरा जवळून दाखवते. हे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. पेट्रोलियमपासून बनतं. आता यावर पाणी ओतते.

(पाणी ओतते, दाणे फुगतात.)

बघा, ताट तिरकं केलं तरी थेंब पडत नाही. साधं पाणी हे दाणे आपल्या वजनाच्या शेकडो पट धरून ठेवतात. लघवीत क्षार असतात, म्हणून तिथे बरंच कमी. आता चिमूटभर मीठ टाकते आणि थोडा वेळ थांबू. जेल सैल होऊन पाणी सोडायला लागली, बघा. या दाण्यांना मी वाईट म्हणणार नाही. यांच्यामुळेच लगदा कमी लागतो, डायपर पातळ होतो आणि बाळाची कातडी कोरडी राहते. फक्त हे मातीत मिसळून जाईल, अशी समजूत नको.

‘बायोडिग्रेडेबल’, म्हणजे कुजून मातीत मिसळणारा, या शब्दावर मी सगळ्यात जास्त अडते. नीट कुजायला हवा लागते, ओल लागते, उष्णता लागते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला जात राहिला आणि तिथल्या लोकांनी तो वास, ते पाणी सोसलं. अशा दाबून भरलेल्या ढिगात आत हवाच नसते. जे कुजतं ते हवेशिवाय कुजतं आणि मिथेन हा हवामान तापवणारा वायू सोडतं. ‘कंपोस्टेबल’, म्हणजे खत होऊ शकणारा, हा जरा नेमका शब्द आहे. प्लॅस्टिकसाठी त्याचं भारतीय मानक आहे, आय.एस./आय.एस.ओ. 17088. पण ते मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेसाठी आहे, आपल्या गॅलरीतल्या खताच्या बादलीसाठी नाही. शी लागलेला डायपर तर त्या बादलीत टाकूच नका. म्हणजे डायपर कंपोस्टेबल असला, पण तुमच्या गावात तो खतप्रकल्पात जातच नसेल, तर दुप्पट पैसे कशाचे दिले?

मी एका कंपनीला इमेल करून विचारलं होतं की ‘शंभर टक्के बायोडिग्रेडेबल’ हे कुठल्या मानकानुसार? उत्तर आलं नाही. तुम्हीही विचारा. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द वापरायचे तर त्याचा खुलासा आणि पुरावा द्यायला हवा. विचारणं हा आपला हक्क आहे.

मग मी आता काय बघून घेते? पाकिटावर आय.एस. 17509 आहे का, ते आधी. हे डिस्पोजेबल बेबी डायपरचं आपलं भारतीय मानक, 2021 चं. मग लगदा क्लोरीनशिवाय पांढरा केलाय का. ‘टी.सी.एफ.’ लिहिलं असेल तर क्लोरीन अजिबात नाही, ‘ई.सी.एफ.’ असेल तर क्लोरीन वायू नाही पण क्लोरीन डायऑक्साइड वापरलेला असतो. एफ.एस.सी.चा शिक्का लाकूड कुठून आलं त्याबद्दल बोलतो. ओएको-टेक्सचा शिक्का घातक रसायनं तपासली एवढंच सांगतो, कचऱ्याबद्दल काही नाही. सुगंध आणि लोशन नको, बाळाला त्याचा काही उपयोग नाही. आणि माप बरोबर हवं. सैल डायपर गळतो, मग तासाभरात दुसरा लागतो.

पण खरं सांगू? सगळ्यात मोठा फरक आकड्यात आहे. दिवसाला पाच धरले तरी अडीच वर्षांत साडेचार हजारांहून जास्त डायपर होतात. त्यातले दोन रोज वाचवले तर अठराशेच्या वर कमी. यापुढे बांबूचा तो एक थर काहीच नाही.

माझ्या आईने हे माझ्यासाठी सोपं केलं. बाळ झोपेतून उठलं की आपल्या दोन्ही पायांवर बसवायचं आणि “शू शू” करायचं. सातव्या-आठव्या महिन्यापासून आमच्याकडे सकाळची शी बहुतेक वेळा अशीच होते. दिवसा घरात सुती लंगोट, जुन्या मऊ धोतराचे. डायपर रात्री, प्रवासात आणि दवाखान्यात जाताना. कापडी लंगोट धुण्यात पाणी आणि वीज जाते, हा आक्षेप खरा आहे. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये हवामानावरच्या परिणामाचा हिशेब मांडला तेव्हा दोन्ही पर्याय जवळपास सारखेच आले होते. पण ड्रायर न वापरता दोरीवर वाळवले, मशीन पूर्ण भरून लावलं आणि तेच लंगोट पुढच्या बाळालाही वापरले, तर कापडाचं पारडं बरंच जड होतं. आपण दोरीवरच वाळवतो ना!

एक मात्र पाळा. डायपर वाचवायचा म्हणून बाळाला ओल्यात ठेवू नका. शी झाली की लगेच बदला, पुरळ तिथूनच सुरू होतं.

आणि आता मावशींची गोष्ट. वापरलेल्या डायपरमधली शी आधी संडासात टाका. डायपर मात्र संडासात कधीच नाही, तिथे फुगून नळी तुंबते. मग असा आत गुंडाळायचा, पट्ट्या घट्ट चिकटवायच्या. 2016 च्या घनकचरा नियमांत कंपन्यांनी पाकिटासोबत त्यासाठी पिशवी द्यावी असं म्हटलं होतं. नसेल दिली तर वर्तमानपत्र घ्या. आणि त्यावर लाल स्केचपेनने हा असा मोठा ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या बायांनी ही ‘रेड डॉट’ची, म्हणजे लाल ठिपक्याची, पद्धत सुरू केली, म्हणजे पुडी न उघडताच आत काय आहे ते कळतं.

आमच्याकडे स्केचपेन आता कचऱ्याच्या डब्याशेजारीच दोरीने बांधलाय. आजची ही पुडी मी मावशींच्या हातात वेगळी देते.