सोहराला नेमकं कधी जायचं?

समोर हे पांढरं पांढरं दिसतंय ना, तो धबधबा नाही, ढग आहेत. नोहकालिकाई त्यांच्या मागे आहे, 340 मीटर उंच, आवाज कानात भरून राहिलाय पण दिसत काहीच नाही. जुलैत आलात तर असं होणार.

शाळेत आपण मेघालयातलं जे चेरापुंजी पाठ केलं ते हेच गाव, इथली माणसं सोहरा म्हणतात. बंगालच्या उपसागरावरून निघालेले ओले वारे बांगलादेशच्या सपाट मैदानावरून बिनअडथळा येतात आणि एकदम खासी डोंगरांची भिंत आडवी येते, मग वर चढायचं आणि तिथंच रिकामं व्हायचं, दुसरा रस्ताच नाही त्यांना. मुंबईत वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून जास्त इथं एकट्या जुलैत पडतो! 1860 च्या ऑगस्टपासून पुढच्या जुलैपर्यंत तर 26 मीटरहून जास्त पडला, बारा महिन्यांतला तो जागतिक विक्रम आहे. शेतात वाकून काम करणाऱ्यांच्या पाठीवर ते बघा, त्याला क्नुप म्हणतात, बांबू आणि पानांचं, अगदी आपल्या कोकणातल्या इरल्यासारखं.

हिवाळा एकदम उलटा. आकाश निळंशार, थंडी मस्त, डावकी गावात उमनगोट नदी इतकी नितळ की होडी हवेत लटकलीय असं वाटतं, पावसाळ्यात हीच नदी गढूळ असते. पण धबधबे बारीक होतात आणि सोहरात प्यायच्या पाण्याची टंचाई, हो, सोहरात! माती वाहून गेलेली, खाली चुनखडी, पाणी थांबत नाही, घरच्या बायका लांबून भरून आणतात. मला हे बघून फार वाईट वाटलं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत होमस्टेला राहाल तर बादलीभर पाण्यात भागवा, प्लीज.

नोव्हेंबरात शिलाँगला चेरीची गुलाबी फुलं असतात, तीही बघण्यासारखी.

मला विचाराल तर ऑक्टोबर. पाऊस ओसरत आलेला असतो, धबधबे अजून भरलेले, ढग बाजूला होतात आणि नोहकालिकाई वरपासून खालपर्यंत आख्खा दिसतो. नोंगरियाट गावातला, झाडांची जिवंत मुळं विणून केलेला दुमजली पूलही तेव्हाच बघा, तिथं जायला तीनएक हजार पायऱ्या आहेत आणि भर पावसात त्या शेवाळाने इतक्या निसरड्या होतात की उतरताना गुडघे थरथरतात. सकाळी लवकर निघा मात्र, इथं ऑक्टोबरातही पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पायऱ्या चढून परत यायच्या असतात.