प्रश्न कुणी ठरवायचे?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सांगली जिल्ह्याला दवाखान्यांची नवलाई नाही. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं, पुढं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि आजही कर्नाटकातल्या गावांतून माणसं उपचारासाठी मिरज स्टेशनावर उतरतात. जिथं डॉक्टर घडतात तिथं संशोधनही चालतं. एम.डी. करणाऱ्याला प्रबंध लिहावा लागतो. फिजिओथेरपीची, नर्सिंगची मुलंमुली प्रोजेक्टसाठी वाड्यावस्त्यांवर हिंडतात. घरात दिव्यांग माणूस असेल, तर फॉर्म घेऊन आलेलं कुणीतरी तुम्हीही पाहिलं असेल. त्रास किती वर्षांपासून आहे, चालता येतं का, दाखला किती टक्क्यांचा, असं विचारतात, खाली सही नाहीतर अंगठा घेतात आणि पुढच्या घराला जातात.

त्या फॉर्मवरचे प्रश्न ठरवतं कोण, हा माझा आजचा विषय आहे.

मला लहानपणी पोलिओ झाला. एका पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, आणि काखेत कुबडी घेऊन मी शाळेत नोकरी केली, आणि आता एका वैद्यकीय संस्थेच्या एथिक्स कमिटीवर डॉक्टर नसलेला सदस्य म्हणून बसतो. माणसांवर होणारं कोणतंही वैद्यकीय संशोधन सुरू होण्याआधी अशा समितीपुढं यावं लागतं. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की समितीत साधारण ७ ते १५ माणसं असावीत, अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा असावा, निम्मे तरी सदस्य बाहेरचे असावेत. त्यात कायदा जाणणारा हवा, समाजशास्त्र जाणणारा हवा, आणि तुमच्या-आमच्यासारखा साधा नागरिकही हवा. याशिवाय मोठ्या अभ्यासांना वेगळे तज्ज्ञ सल्लागार असतात. कुणी आकडेशास्त्र बघतं, तर कुणी नव्या औषधाची चाचणी चालू असताना मध्येच आकडे तपासून, माणसांना अपाय होतोय असं दिसलं तर चाचणी थांबवायला सांगतं. हे सगळे शिकलेले, अनुभवी लोक असतात आणि त्यांच्याशिवाय संशोधन उभं राहत नाही. आकडे चुकीच्या पद्धतीनं गोळा केले, तर आमच्यासारख्यांचा वेळ आणि सांगितलेली दुःखं दोन्ही वाया जातात, म्हणून त्यांची गरज आम्हालाच सगळ्यांत जास्त आहे.

पण आरोग्याचा अभ्यास दिव्यांगांचा असेल, तर सल्लागारांत दिव्यांग माणूस हवाच. तोही शेवटी सही करण्यापुरता नको, प्रश्न ठरतात त्या पहिल्या बैठकीपासून हवा. ही माझी एकट्याची इच्छा नाही, आपल्या देशाचा कायदाच तसं सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. दिव्यांगत्वाचे २१ प्रकार त्यानं मानले, हे बहुतेकांना ठाऊक असतं, कारण दाखल्याशी त्याचा संबंध येतो. कलम ६ मात्र फारसं कुणी वाचत नाही. ते म्हणतं की कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं असेल, तर तिला समजेल अशा पद्धतीनं सांगून तिची मोकळी संमती घेतली पाहिजे, आणि सरकारनं नेमलेल्या दिव्यांग-संशोधन समितीची आधी परवानगी घेतली पाहिजे. त्या समितीतले निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संघटनेचे असले पाहिजेत. निम्मे, श्रोतेहो. कोपऱ्यातली एक खुर्ची दिली की भागलं, असं कायदा म्हणत नाही.

एवढी कडक अट का, त्याला इतिहास आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात विलोब्रुक नावाच्या संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेली मुलं राहत होती. १९५० आणि ६०च्या दशकांत तिथल्या मुलांना काविळीच्या विषाणूची मुद्दाम लागण करून अभ्यास केला गेला. आईबापांच्या सह्या घेतलेल्या होत्या. पण संस्थेत जागा मिळणं मुश्किल होतं, आणि संशोधनाच्या वॉर्डात जागा होती. अडलेल्या आईबापाच्या त्या सहीला संमती म्हणायचं का, हे तुम्हीच सांगा. आपल्या राज्यातही १९९४ साली पुण्यात, संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि लोकांनी आवाज उठवल्यावर त्या थांबल्या. ते संशोधन नव्हतं. पण त्या मुलींच्या शरीराचा निर्णय त्यांना वगळून घेतला गेला, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

आता माझ्या स्वतःच्या आजाराकडं येतो, कारण त्यावर मला बोलायचंच आहे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. रविवारी बूथवर बसलेल्या अंगणवाडीताईंचं, आशाताईंचं आणि घरोघर फिरलेल्या असंख्य माणसांचं ते यश आहे. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. पण रोग गेला तरी रोग झालेली माणसं आहेत. जत, आटपाडी, तासगाव, शिराळा, कुठंही जा, चाळिशी-पन्नाशी-साठीतला पोलिओवाला गावात भेटतोच. पोलिओ होऊन पंधरा-वीस, कधी तीस-चाळीस वर्षं उलटल्यावर त्यातल्या अनेकांना नवा त्रास सुरू होतो. चांगला असलेला पाय दुबळा व्हायला लागतो, थकवा उतरत नाही, सांधे दुखतात, थंडी सोसवत नाही. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. पोलिओत ज्या चेतापेशी मेल्या, त्यांचं काम उरलेल्या पेशींनी वर्षानुवर्षं ओढलेलं असतं आणि शेवटी त्या थकतात, असं शास्त्रज्ञ मानतात. इथं 'अजून चाला, अजून व्यायाम करा' हा सल्ला उलटाही पडू शकतो; व्यायाम बेतानं आणि मध्ये विश्रांती घेऊन करायचा असतो.

हा प्रश्न आपल्या भागात किती जणांना आहे? कुबडीनं खांदे निकामी व्हायला लागलेल्या शेतकऱ्यानं व्हीलचेअर कधी घ्यावी? वय झालं म्हणून दुखतंय की पोलिओमुळं, हे उपकेंद्रातल्या डॉक्टरनं कसं ओळखावं? लस ज्यांना द्यायची होती त्यांच्यावर अभ्यास झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण लसीआधी जन्मलेल्यांचं म्हातारपण कसं जाणार, हे विचारायला त्या खोलीत कुणी पोलिओवाला असावा लागतो.

सोसणाऱ्याचं ऐकलं तर काय घडतं, याचं भारतातलं मोठं उदाहरण म्हणजे जयपूर फूट. परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बुटात घालून सपाट रस्त्यावर चालण्यासाठी बनलेला होता. तो लावून उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, अनवाणी शेतात जाता येत नव्हतं. माणसं पाय घरी नेत आणि कोपऱ्यात ठेवून देत. जयपूरच्या रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शर्मांचं शालेय शिक्षण फार झालेलं नव्हतं, पण हातात कसब होतं आणि रुग्णांचं ऐकायची तयारी होती. १९६८च्या सुमारास त्यांनी रबराचा असा पाय घडवला की बसता येतं, झाडावर चढता येतं, चिखलात उभं राहता येतं. डॉ. सेठींना पुढं १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एक सर्जन, एक कारागीर आणि पाय गमावलेली माणसं, यांनी मिळून ते काम तडीस नेलं. त्यातल्या तिसऱ्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आजही मोजमापाचा तोच पेच आहे. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, ही फिजिओथेरपीतली एक मान्य चाचणी. तिचा उपयोग आहेच. पण विट्याहून सांगलीला येणाऱ्या बाईला विचारा. ती म्हणेल, मीटर राहू द्या, मला एसटीची पायरी चढता येईल का ते बघा. स्टँडवरच्या संडासात जाता येणार नाही म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवीचा संसर्ग होतो, आणि फॉर्मवर फक्त 'वारंवार युरिन इन्फेक्शन' एवढंच लिहिलं जातं. कारण लिहायला रकानाच नसतो. तो रकाना कुठं आखायचा, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही.

मोजणीतही असंच होतं. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२चा अहवाल म्हणतो की जगात सहांपैकी एक माणूस, म्हणजे जवळपास १३० कोटी लोक, लक्षणीय दिव्यांगत्वासह जगतात. एवढी तफावत कशी? बराचसा फरक प्रश्नातच आहे. 'घरात कुणी अपंग आहे का' असं दारात उभं राहून विचारलं, तर मुलीचं लग्न जमायचं असलेलं घर 'नाही' म्हणतं. 'चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का, पायऱ्या चढायला त्रास होतो का' असं विचारलं की माणूस खरं सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं २००१ साली वॉशिंग्टन ग्रुप स्थापन झाला, आणि त्यानं अशाच सहा प्रश्नांचा एक छोटा संच तयार केला. त्याच २०२२च्या अहवालात असंही आहे की काही दिव्यांग माणसं इतरांपेक्षा २० वर्षांपर्यंत लवकर मरतात, आणि मधुमेह, दमा, पक्षाघात, नैराश्य यांचा धोका त्यांना दुप्पट असतो. त्यातलं बरंचसं दिव्यांगत्वामुळं घडत नाही. दवाखान्याची पायरी, वजनकाट्यावर उभं राहता न येणं, खुणांची भाषा न समजणारा कर्मचारी, यांच्यामुळं घडतं, आणि ते बदलता येतं.

आपल्या जिल्ह्यापुरता एक विषय मी संशोधकांपुढं ठेवतो. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णाकाठची गावं पाण्यात गेली, सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर पोचलं. होडीत व्हीलचेअर बसली का? कॅलिपर, कानाचं मशीन, फिटच्या गोळ्या कुणाच्या घरी राहून गेल्या? मणक्याला मार लागलेल्या माणसाची हवेची गादी वीज गेल्यावर बसते, मग निवारा केंद्रात एकाच जागी पडून राहून किती जणांना जखमा झाल्या? याचं उत्तर मिळवायचं असेल, तर पलूस-भिलवडीकडच्या दिव्यांगांना आणि त्यांच्या घरच्यांना सल्लागार करा. पूर पुन्हा येणार आहे.

इथं एक गोष्ट जपायला हवी. आईबापांचं ज्ञान मोठं असतं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं, असलेल्या लेकराला कसं टेकवलं की घास घशात अडकत नाही, हे आईइतकं कुणाला कळत नाही. पण मोठ्या झालेल्या मुलाचं मत आईच्या तोंडून घेऊ नये. खुणांनी सांगू दे, बोर्डावर बोट ठेवून सांगू दे, वेळ लागू दे. आणि माझ्यासारख्या पोलिओवाल्यानं अंधांच्या किंवा हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या वतीनं बोलू नये. त्यांचा माणूस वेगळा हवा. शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून १९८४ साली संस्था उभी केली आणि पुढं अनेकांना शिक्षण, रोजगार मिळवून दिला. अशी माणसं आणि त्यांच्या तालमीत घडलेली पुढची पिढी आपल्याकडं आहे. माणसं मिळत नाहीत, ही सबब मला पटत नाही.

ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स नावाचा उपक्रम रुग्ण, त्यांची देखभाल करणारे आणि डॉक्टर यांना एकत्र बसवून, कोणत्या प्रश्नांवर आधी संशोधन व्हावं याचा क्रम लावतो. आपल्याकडं हे करायला फार मोठा खर्च नाही. बैठक तळमजल्यावर घ्या. कागद आठवडाभर आधी द्या, अंध सदस्याला संगणकावर ऐकता येतील असे द्या. कर्णबधिर सदस्य असेल तर दुभाषी बोलवा. गावाकडून येणाऱ्याचा गाडीखर्च आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी द्या. प्राध्यापकाला मानधन आणि दिव्यांगाला फक्त चहा, हे चालणार नाही.

आणि श्रोतेहो, पुढच्या वेळी दारात फॉर्म आला तर मुलांना बसवा, पाणी द्या, ती आपलीच मुलं आहेत. मग विचारा की कोणत्या समितीनं मंजुरी दिली आणि तिचा कागद कुठं आहे. हा अभ्यास ठरवताना कुणा दिव्यांगाला विचारलं होतं का, आणि निष्कर्ष आम्हाला मराठीत कधी कळवणार, हेही विचारा. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि हो म्हटल्यावर मधूनच बाहेर पडायचाही. त्यामुळं तुमचा उपचार, दाखला किंवा पेन्शन अडवता येत नाही. घरचा दिव्यांग माणूस स्वतः ऐकू-समजू शकत असेल, तर त्याच्याशीच बोलायला सांगा. सही करण्याआधी माहितीपत्रकाची एक प्रत मागून घ्या. त्यावर संशोधकाचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असायला हवा. नसेल तर सही करू नका. नमस्कार.