३६ आऊट, आणि तरी हार

नमस्कार मंडळी. आज बेसबॉल. नियम सांगत बसत नाही, एवढंच धरून चला की एका इनिंगमध्ये टीमचे तीन आऊट आणि मॅच नऊ इनिंगची, म्हणजे २७ आऊट. समोरच्या एकालाही बेसवर, म्हणजे पळत जाऊन गाठायच्या ठिकाणी, पोचू न देता पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, २७ च्या २७ काढले तर तो परफेक्ट गेम. आख्ख्या करिअरमध्ये एकदा जमला तरी पिढ्यान्‌पिढ्या नाव निघतं.

तर २६ मे १९५९, अमेरिकेतलं मिलवॉकी, काउंटी स्टेडियम, रात्रीची मॅच. पिट्सबर्ग पायरेट्सचा डावखुरा पिचर हार्वी हॅडिक्स, अंगात फ्लू, आणि समोर कोण तर मिलवॉकी ब्रेव्हज, लागोपाठ दोन वर्षं नॅशनल लीग जिंकलेली टीम, त्यात हँक आरन, एडी मॅथ्यूज, जो ॲडकॉक असे तगडे बॅटर. हॅडिक्सने एकेकाला परत पाठवायला सुरुवात केली. २७ झाले. झाला की परफेक्ट गेम! पण मॅच संपेना, कारण त्याच्या स्वतःच्या टीमला एक रन काढता येईना. ब्रेव्हजचा पिचर ल्यू बर्डेट पण अडून बसलेला, बारा हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) खाल्ल्या पण रन एकही दिला नाही. मग दहावी इनिंग, अकरावी, बारावी. हॅडिक्ससमोर ३६ बॅटर आले आणि ३६ आऊट. परत सांगतो, ३६ आले, ३६ आऊट. सलग.

तेरावी इनिंग. फीलिक्स मँटिया बॅटिंगला. साधा जमिनीवरून गेलेला बॉल थर्ड बेसकडे, पायरेट्सच्या डॉन होकने उचलला आणि फर्स्ट बेसला फेकला, पण थ्रो खाली पडला. मँटिया बेसवर! एवढ्या वेळात पहिला माणूस, आणि तोही हॅडिक्सच्या नाही, फील्डरच्या चुकीने. मॅथ्यूजने बंट करून, म्हणजे बॅटने बॉल नुसता हलका टेकवून, त्याला पुढे सरकवलं. आरनला मुद्दाम वॉक दिला, म्हणजे मारता येणार नाहीत असे बॉल टाकून त्याला फुकट फर्स्ट बेस दिला, मुद्दाम वॉक मला कधीच आवडत नाही, चांगल्या बॅटरला खेळूच द्यायचं नाही म्हणजे काय, पण इथे तेच शहाणपणाचं होतं. मग ॲडकॉक आला आणि त्याने बॉल थेट कुंपणापलीकडे टाकला. होमरन! मँटिया शेवटच्या होम बेसला पोचला, म्हणजे रन. आरनला मात्र वाटलं बॉल मैदानातच आहे आणि रन झालाय म्हणजे मॅच संपली, म्हणून सेकंड बेसला पाय लावून तो मध्येच वळला आणि डगआउटकडे निघाला, आणि मागून पळत आलेला ॲडकॉक त्याला ओलांडून पुढे गेला. पुढच्या रनरला ओलांडलं की आऊट. त्या रात्री स्कोअर २-० धरला होता, दुसऱ्या दिवशी लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी १-० केला, आणि ॲडकॉकचा होमरन कागदावर झाला डबल, म्हणजे नुसता दोन बेसचा फटका. बॉल कुंपणाबाहेर गेलेला, आणि रेकॉर्डला डबल!

मला जाइल्स यांचं बरोबर वाटतं. स्कोअरबुक लिहिणाऱ्याने घडलं तेच लिहावं, हळहळ वाटली म्हणून आकडा बदलू नये. आपल्याकडे क्रिकेटमध्ये सुद्धा स्कोअररचं नाव कुणी घेत नाही, घ्यायला पाहिजे, आणि शाळेत पोरांना हाताने स्कोअरबुक भरायला शिकवलं पाहिजे, ॲपवर नुसता टोटल बघून मॅच कळत नाही.

आता स्कोअरबुकातली हॅडिक्सची ओळ ऐका, सावकाश वाचतो. बारा इनिंग पूर्ण आणि तेराव्यातले दोन आऊट. हिट एक. वॉक एक, तोही मुद्दाम दिलेला. स्ट्राइकआऊट, म्हणजे तीन स्ट्राइकवर काढलेले बॅटर, आठ. रन एक, पण अर्न्ड रन शून्य, कारण मँटिया फील्डरच्या चुकीमुळे (एरर) बेसवर आलेला, तो रन पिचरच्या माथी मारत नाहीत. शून्य. आणि त्याच ओळीत, हरलेला पिचर, हॅडिक्स.

पुढे १९९१ मध्ये मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या बेसबॉलच्या, कमिटीने व्याख्या कडक केली, मॅच संपेपर्यंत एकही हिट नसेल तरच नो-हिटर, आणि हॅडिक्सचं नाव यादीतून गेलं. इथे मात्र माझा जीव तुटतो. नियम म्हणून पटतं, पण ३६ च्या ३६ काढलेल्या माणसासाठी यादीच्या खाली एक ओळ ठेवली असती तर कुणाचं काय जात होतं? हॅडिक्स तेव्हा हयात होता. त्याला विचारलं तर म्हणाला, ठीक आहे, मी काय केलं ते मला माहीत आहे.