खांदा

(दृश्य: पोळ्याची आदली संध्याकाळ, गोठा)

नागपूरच्या आसपासच्या गावांत आज बैलांचे खांदे शेकायचे. तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी सांगायचं, ‘आज आवतन घे, उद्या जेवायला ये.’ हातांकडे बघा. वर्षभर जू जिथे बसतं, तिथेच बोटं थांबतात.

(दृश्य: कळमना बाजाराकडचा रस्ता, मे महिना, दुपारचा दीड)

आता हा खांदा बघा. गाडीवर सळ्या आहेत, जुवाखालची जखम ओली आहे, माश्या उठत नाहीत.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याचं कलम ११ सांगतं, जखमी जनावर कामाला जुंपणं गुन्हा आहे. १९६५ चे नियम तर घड्याळ आणि थर्मामीटर घेऊनच बसलेत. दिवसाला नऊ तासांवर काम नाही, सलग पाच तासांवर नाही. पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. नागपुरात ३७ अंश म्हणजे मे महिन्यातली थंड दुपार! तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या टोकाला आर, म्हणजे अणकुचीदार खिळा दिसतो? तोही नियमाने बंद आहे.

गाडीवानाला पैसे खेपेवर मिळतात. तो कॅमेऱ्यासमोर बोलला नाही.

(दृश्य: ठाण्याबाहेरचा बाक)

तक्रार करायला गेलं की पहिला शब्द ऐकू येतो, अदखलपात्र. पोलीस नोंद करतात, पण तपासाला दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मग गुरांच्या डॉक्टरांचा दाखला हवा: जखम किती खोल, किती जुनी, बैल कामाच्या लायक आहे की नाही. जखम भरून यायच्या आत तो मिळाला पाहिजे. गाडीवानाचं नाव हवं, फोटोवर तारीख-वेळ हवी. साक्षीला उभं राहणारं कोणीतरी हवं, आणि भर उन्हात रस्त्यावर थांबलेला माणूस साक्षीचं नाव काढताच चालायला लागतो. हे सगळं जमवून गुन्ह्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला नाही, तर पुढे तो दाखलच करता येत नाही.

शिक्षा: पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये दंड. तीन वर्षांत पुन्हा सापडल्यास पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आकडे जुनेच.

(दृश्य: शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, धुरळा)

हाच बैल पटावर पळाला आणि तिथे अटी मोडून त्याचा छळ झाला, तर राज्याच्या २०१७ च्या दुरुस्तीप्रमाणे पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पटाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, म्हणून तिथला बैल महाग. सळ्या ओढणाऱ्यासाठी कोण दिल्लीला जाणार?

(दृश्य: पशुवैद्यकीय दवाखाना, टेबलावर कुत्रा)

जुन्या दंड संहितेत आधी जनावराची किंमत बघत, दहा रुपये की पन्नास. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३२५ मध्ये किमतीची अट नाही. कोणतंही जनावर मारलं, विष घातलं, कायमचं जायबंदी केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

सळ्यांच्या गाडीचा बैल मात्र मेलेला नाही, लंगडा नाही, तो चालतोय. त्यामुळे त्याच्या वाट्याला कलम ११ आणि ते पन्नास रुपये.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने १९६० च्या कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा काढला, लोकांकडून सूचना मागवल्या. त्यात दंड आणि कैद दोन्ही वाढवली होती. त्याचा कायदा अजून झालेला नाही.